अक्काचा रंग

आई जिना चढून वर आली तेव्हा मी अक्काच्या डाव्या कानाशी झगडत होते. फोटोत त्या कानावर केसांची एक बट आली होती आणि बटेखाली कानाची पाळी नेमकी कुठे संपते ते काही केल्या कळत नव्हतं. आईने डबा टेबलाच्या कडेला ठेवला, पदराने मान पुसली आणि माझ्या मागच्या स्टुलावर बसली. मला वाटलं, दम लागला असेल. जिना तसा उभाच होता आमचा.

मग ती म्हणाली, "हिला जरा उजळ कर."

मी मागे वळले नाही. माउसवरचा हात तेवढा थांबला.

"आधी जेवून घेऊ," मी म्हटलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा सांगलीत पेठेतल्या एका कापड दुकानाच्या वर माझं छोटंसं ऑफिस होतं. हळदीची आणि मसाल्याची पाकिटं, बेदाण्याचे खोके, लोणच्याच्या बरणीवरची लेबलं, असलं डिझाइनचं काम मी करायची. अक्का म्हणजे माझी मोठी बहीण कुमुद. तिला जाऊन वर्ष होत आलं होतं. पुढच्या आठवड्यात वर्षश्राद्ध होतं आणि दाजींना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, हॉलमध्ये लावायला तिचं मोठं चित्र हवं होतं.

फोटो का नाही, असं कोणीही विचारेल. अक्काचे फोटोच नव्हते. कॅमेरा दिसला की ती स्वयंपाकघरात जायची, नाहीतर कोणाच्या तरी मागे उभी राहायची. लग्नाचा अल्बम होता, पण त्या फोटोग्राफरने तिला पावडर फासून आणि वर फोटोवर हात फिरवून अशी काही करून ठेवली होती की नवरीच्या जागी दुसरीच कोणी बसली आहे असं वाटायचं. धड म्हणावा असा एकच फोटो सापडला. मनवाच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या, अक्का असतानाच्या शेवटच्या वाढदिवसाला दाजींनी मोबाइलवर काढलेला. आंब्याच्या कोयरीची बॉर्डर असलेली हिरवी साडी, गालाला टेकवलेला हात, आणि हसताना किंचित मिटलेले डोळे. पण तो इतका लहान होता की मोठा करायला गेलं की चेहऱ्याचे चौकोनी ठिपके व्हायचे. म्हणून मी दाजींना म्हटलं, मी तो कॉम्प्युटरवर नव्याने चितारते. चितारलेलं चित्र भिंतीएवढं केलं तरी फुटत नाही.

अशा चित्रात चेहरा म्हणजे लहानमोठे तुकडे असतात. कपाळाचा उजेड पडलेला भाग, गालाचा उंचवटा, नाकाची कड, हनुवटीखालची सावली, बोटांच्या मधल्या रेघा. प्रत्येक तुकड्याला वेगळी छटा. पण मी त्या छटा सुट्या ठेवत नसे. सॉफ्टवेअरमध्ये तशी सोय असते. एक मूळ रंग ठरवायचा आणि त्याच्या फिक्या-गडद छटा त्याच्याशी जोडून टाकायच्या. मूळ रंग हलवला की जोडलेल्या सगळ्या छटा आपापसातलं अंतर राखून त्याच्याबरोबर हलतात. मसाल्याच्या पाकिटांना हे फार उपयोगी पडतं. तेच पाकीट मिरचीला लाल, धण्याला हिरवं, जिऱ्याला तपकिरी. अक्काचा चेहराही मी सवयीने तसाच बांधला होता. फोटोतल्या तिच्या गालावरून एक रंग उचलला, तो मूळ धरला आणि बाकीचे सगळे त्याला जोडले.

ते करताना मला रडूबिडू आलं नव्हतं. रडून झालं होतं. उरला होता तो शीण. अक्काची किडनी गेल्यापासून आठवड्यातून दोनदा मिरजेच्या दवाखान्यात जावं लागायचं. दाजी पाटबंधारे खात्यात कामाला. त्यांच्या रजा पहिल्याच वर्षात संपल्या, मग मी न्यायला लागले. ती मशीनला लावलेली पडून असायची आणि मी शेजारच्या खुर्चीत लॅपटॉप मांडीवर घेऊन कोणाचं तरी लेबल करत बसायची. रिक्षा, दवाखान्याचा पास, रक्त तपासणी, परत रिक्षा. ती गेली तेव्हा सगळ्यात आधी माझ्या मनात आलं ते हे, की उद्या मिरजेला जायचं नाही. आणि त्यानंतर वर्षभर मी रोज सकाळी दमलेलीच उठत होते.

आई आष्ट्याला माझ्या भावाकडे राहायची. महिना-दीड महिन्याने एखादी खेप करायची. श्राद्धासाठी म्हणून ती आठवडाभर आधीच दाजींकडे येऊन राहिली होती आणि त्या दुपारी माझा डबा घेऊन ऑफिसात आली होती.

"उजळ कर" हे शब्द मी लहानपणापासून ऐकत आले होते. मी आईवर गेलेली, गोरी. अक्का वडिलांवर. दर रविवारी आई तिला मोरीपाशी बसवून तोंडाला, मानेला, कोपरांना डाळीचं पीठ आणि साय चोळायची. ते वाळून ताठ होईपर्यंत अक्काला हसता यायचं नाही आणि मी समोर उभी राहून तिला हसवायचा प्रयत्न करायची. पुढे पिठाच्या जागी ट्यूब आल्या. तिला बघायला पाहुणे यायचे तेव्हा आई मला सकाळीच काकूंकडे पाठवून द्यायची. "तू घरात नको," एवढंच सांगायची. का नको ते मला कळायला बरीच वर्षं लागली. अक्काला मात्र पहिल्या दिवसापासून कळत होतं. मी चपला घालत असताना ती दारात येऊन माझ्या फ्रॉकची नाडी नीट बांधून द्यायची. पाहुणे येत राहिले, नकार येत राहिले. लग्न झालं तेव्हा तिच्या मैत्रिणींची मुलं शाळेत जात होती.

हे सगळं माझ्या मनात होतं आणि आई मागे बसून म्हणत होती, हिला उजळ कर.

आम्ही जेवलो. शेपूची भाजी होती, भाकरी होती. जेवताना आईने तो विषय पुन्हा काढला. होईल का, म्हणाली. मी म्हटलं, होणार नाही. चेहऱ्याचे कितीतरी तुकडे असतात, प्रत्येकाचा रंग वेगळा बदलावा लागतो, आता तेवढा वेळ नाही. वाद घालायची ताकद नव्हती म्हणून खोटं बोलले. तिने ते खरं मानलं. "मग राहू दे," म्हणाली आणि डबा धुवायला उठली.

ती परत येऊन बसते तोवर एका मसालेवाल्याचा फोन आला. त्याच्या हळदीच्या पाकिटाचा पिवळा त्याला फार अंगावर येत होता, जरा केशरीकडे न्या, म्हणत होता. छपाईला त्याच दिवशी जायचं होतं. मी अक्काची खिडकी खाली सारली, पाकीट उघडलं, मूळ पिवळा धरला आणि केशरीकडे नेला. पाकिटाची पार्श्वभूमी, कडेची नक्षी, हळदीच्या राशीमागची सावली, अक्षरांखालची गडद रेघ, सगळं एकाच वेळी केशरी झालं.

"हे एकदम कसं झालं?" आईने विचारलं.

मी पाकीट पाठवायच्या गडबडीत होते. तिच्याकडे न बघता सांगू लागले, की या सगळ्या छटा एका रंगाला जोडलेल्या असतात, तो एक हलवला की बाकीच्या आपोआप... आणि मध्येच थांबले.

आई म्हणाली, "अक्काच्या तोंडालाही असंच केलंयस?"

"हो."

"मग मघाशी होणार नाही म्हणालीस ते?"

"मला करायचं नाही म्हणून म्हणाले."

खरंतर मी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण एकदा तोंड उघडल्यावर मला ते मिटता आलं नाही. मी खुर्ची फिरवली आणि तिच्याकडे तोंड करून बोलले. आवाज चढवला नाही. तेवढं बळच नव्हतं.

"आई, जन्मभर तिच्या तोंडाला पीठ थापलंस. आता ती नाहीये. आता कोणी बघायला येणार नाही तिला. आता तरी तिला तिच्या रंगात राहू दे."

आईने हातातला ओला रुमाल घडी करून मांडीवर ठेवला. मग पुन्हा उलगडला. मला वाटलं, ती उठून जाईल. खाली रस्त्यावर कोणीतरी गठ्ठे उतरवत होतं, त्याचे आवाज येत होते. आई स्क्रीनकडे बघत होती. तिथे अजून पाकीटच होतं.

"हा तिचा रंग नाही," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"काढ परत तिला."

मी अक्काची खिडकी वर आणली. आई स्टूल ओढून माझ्या शेजारी आली.

"पीठ मी थापलं, खरंय," ती म्हणाली. "थापायचं म्हणजे आधी बघावं लागतं ना? तो रंग माझ्याइतका कोणीच बघितला नसेल. तिनेसुद्धा नाही, ती आरशात कुठं बघायची. काकवी काचेच्या बरणीत घालून उन्हात ठेवली की दिसते ना, तशी होती ती. काळी होती, पण आतून लाल. तापली, धावत आली, लाजली, की तो लाल वर यायचा. आणि हे बघ." तिने बोट स्क्रीनपासून थोडं दूर धरलं. "ह्यात राख मिसळलीय. ती मशीनवर जायला लागल्यापासून मी दर खेपेला आले की राख थोडी वाढलेली असायची. शेवटी शेवटी तर मला वाटायचं, हिचा चेहरा कुठल्यातरी धुराच्या मागे आहे. तुला नाही दिसलं?"

मला नाही दिसलं. मी आठवड्यातून दोनदा तिच्याबरोबर रिक्षात बसत होते. रोज थोडं थोडं बदलत गेलेलं मला कधी बदललेलं वाटलंच नाही. डॉक्टर एकदा म्हणाले होते, या आजारात कातडीचा रंग काळवंडतो, आणि मी ते ऐकून पुढचा प्रश्न विचारला होता, पथ्याबद्दल. महिन्या-दीड महिन्याने येणाऱ्या आईला तो फरक प्रत्येक वेळी दारातच दिसत होता. आणि ती काही बोलत नव्हती, कारण अक्काच्या रंगावरून तिने काही बोलणं म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं.

"मग मला उजळ कर म्हणालीस..."

"मला दुसरा शब्द कुठला येतो?" आई म्हणाली. "आयुष्यभर तोच एक वापरला."

मी मूळ रंग उघडला. तो रंग फोटोतून उचललेला होता. मी नीट पाहिलं तर त्यात खरोखरच राखाडी झाक होती. इतके दिवस मी त्यावर काम करत होते आणि तो मला मोबाइलच्या कॅमेऱ्याचा दोष वाटला होता. मी तो जरासा लालाकडे सरकवला. कपाळ हललं, गाल हलले, मानेची सावली, बोटांमधल्या रेघा, कानाची ती न सापडणारी पाळी, सगळं सोबत सरकलं. साडी आणि केस तसेच राहिले.

"अजून," आई म्हणाली.

मी अजून नेला.

"एवढी नको. ही तुझी आत्या झाली."

मी मागे आणला. आईने डोळे बारीक केले. मी केसाएवढं पुढे नेलं, पुन्हा मागे. फिकट करायचं तिने एकदाही म्हटलं नाही. एका ठिकाणी मी फिकट करून पाहिलं तर तिने मान हलवली आणि मला परत गडद करायला लावलं. मग एका जागी ती काही बोललीच नाही. मी थांबले.

"इथं," ती हळूच म्हणाली.

समोर अक्का होती. मी तिला कधीची विसरून गेले होते. कॉलेजातून सायकल दामटत यायची आणि अंगणात सायकल लावता लावता मला हाक मारायची, ती अक्का. भर उन्हात आलेली, गालांच्या हाडांवर तांबूस चमक असलेली. हसताना मिटलेले डोळे तेच होते, हात तोच होता, पण ती आजारी नव्हती. तिला काहीही होणार नव्हतं.

आईने हात पुढे करून स्क्रीनवरच्या गालाला बोट लावलं. तिथे तेलाचा डाग पडला, तो तिने लगेच पदराने पुसला. आम्ही दोघी तशाच बसून राहिलो. मी कानाचं काम पूर्ण केलं, ते आता चटकन जमलं. आई मध्येच म्हणाली, तुझी भाकरी अर्धी राहिलीय, आणि मी ती थंड भाकरी कोरडीच खाल्ली. किती महिन्यांनी मला त्या दिवशी भूक लागली होती.

संध्याकाळी दाजी चित्र बघायला आले. ऑफिसातून निघून, मनवाला शाळेतून घेऊन तसेच आले होते. विलास शिराळकर हा माणूस मुळात कमी बोलणारा, आणि त्या वर्षात तर जेवढ्यास तेवढंच. दारातच चपला काढून ते टेबलापाशी आले आणि वाकून बघत उभे राहिले. मी त्यांना सांगितलं, की आईने रंग दुरुस्त करून घेतला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"लग्नाच्या वेळी अशी होती," ते म्हणाले. "मी विसरलो होतो."

आईच्या तोंडावर त्या वेळी जे आलं त्याला समाधान म्हणावं की काय, मला सांगता येणार नाही. तिने पाहिलेल्याला पहिल्यांदा कोणीतरी दुजोरा दिला होता.

मनवा तेव्हा सात वर्षांची होती. दप्तर पाठीवरच, गळ्यात पाण्याची बाटली. ती दाजींच्या कोपराखालून पुढे आली आणि चित्राकडे बघून मला म्हणाली, "ही कोण आहे, मावशी?"

"अगं, आई ना ती," दाजी म्हणाले.

तिने पुन्हा पाहिलं. सांगितलेलं काम नीट करावं तसं, वरपासून खालपर्यंत. "साडी आईची आहे," ती म्हणाली. "आई नाही."

दाजी तिच्याजवळ गुडघ्यावर बसले. आई आजारी पडायच्या आधी अशी दिसायची, तू लहान होतीस, तुला आठवत नाही, असं समजावू लागले. अक्का मशीनवर जायला लागली तेव्हा मनवा जेमतेम तीन वर्षांची होती. तिला ज्या आईने अक्षरं गिरवायला शिकवलं, जिच्या कुशीत ती झोपली, जिचा सुजलेला हात धरून ती दवाखान्याच्या पायऱ्या चढली, ती आई राखेच्या रंगाचीच होती. तिला दुसरी आई माहीतच नव्हती.

तिने वडिलांचं सगळं ऐकून घेतलं. ती रडली नाही, हट्टही केला नाही. फक्त विचारलं, "मग ही मला ओळखत होती?"

दाजींनी तिच्या बाटलीचा पट्टा खांद्यावर नीट केला. मी आईकडे पाहिलं. तिने खिडकीकडे तोंड फिरवलं होतं. खाली दुकानाचं शटर कोणीतरी अर्धं ओढलं, त्याचा खडखडाट झाला. तो थांबल्यावर आई बोलली.

"वैजू, परत कर."

"आई..."

"पहिल्यासारखी कर तिला."

मी मूळ रंग परत पहिल्या जागी नेला. गालांवरचा तांबूसपणा गेला, कपाळ विझलं, मान काळवंडली, सगळं एकाच वेळी. दुपारी हे उलटं होताना पाहिलं होतं तेव्हा किती सोपं वाटलं होतं.

मनवाने बाटलीचं झाकण उघडलं. "हां," ती म्हणाली, "ही," आणि पाणी पिऊ लागली.

दाजी तिला घेऊन खाली गेले, कोपऱ्यावर तिला काहीतरी खायचं होतं. आई आणि मी मागे राहिलो. मी म्हटलं, दोन काढू. मला त्यात काहीच अवघड नाही. एक दाजींच्या हॉलसाठी आणि एक दुपारचं, तुझ्यासाठी, आष्ट्याला ने. आई डब्याची झाकणं लावत होती.

"नको," ती म्हणाली.

"का? तुझ्यासाठीच तर केलं होतं."

"मला ती चित्राशिवाय दिसते. डोळे मिटले की दिसते." तिने डबा पिशवीत ठेवला. "पोरीचं तसं नाही. ती मोठी होईल तसं तिच्या डोळ्यांपुढचं पुसत जाईल. तिला जी आठवतीय तीच राहू दे. आपण तीसुद्धा काढून घ्यायला नको."

मी तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. उतरताना तिने कठड्याला धरलं होतं आणि एकेका पायरीवर थांबत होती. मला वाटलं, हिला हाक मारावी, मघाचं बोललेलं मागे घ्यावं. पण काय आणि कसं मागे घ्यायचं ते सुचेना. पिठाचं जे बोलले ते खोटं नव्हतं आणि तिनेही ते खोटं म्हटलं नव्हतं. मी नुसतीच वर उभी राहिले. खाली पोचल्यावर तिने मान वर करून मला जा म्हणून हाताने खूण केली.

चित्र वेळेत छापून झालं. ते अजून दाजींच्या हॉलमध्ये आहे. मनवा आता कॉलेजात जाते, आणि नव्या मैत्रिणी घरी आल्या की त्या चित्राकडे हात करून "ही माझी आई" म्हणते. मी ते ऐकलंय. माझी आई आता नाही.

त्या वर्षश्राद्धाच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. चित्राला हार घातला होता, समोर समई लावली होती. जेवणाची पंगत त्याच हॉलमध्ये बसली होती. कवठे महांकाळची आमची चुलत आत्या चित्राच्या बरोबर समोर बसली होती. जेवता जेवता तिचं तिकडे लक्ष गेलं. हातातला घास तसाच ठेवून ती जरा वेळ बघत राहिली आणि मग माझ्याकडे वळली. चांगलं काढलंयस, म्हणाली. साडीचं, हसण्याचं कौतुक केलं. मग आवाज खाली आणून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "रंग तेवढा जरा सांभाळून घ्यायचा होतास गं. किती काळी काढलीस."

पंगतीत दोघीतिघींनी माना वर केल्या. मी वाढायचं भांडं हातात घेऊन उभी होते. उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण आई माझ्या पुढे झाली. तिच्या हातात भाताचं पातेलं होतं. त्या नात्यागोत्यात तिने हा शेरा निदान शंभरदा ऐकला असेल आणि प्रत्येक वेळी मान खाली घालून काहीतरी कारण सांगितलं असेल. उन्हात फिरते हो. वडिलांवर गेलीय. लहानपणी कावीळ झाली होती.

आई आत्यापाशी वाकली.

"अशीच होती ती," ती म्हणाली, आणि तिने आत्याच्या पानात भात वाढला.